उघडणारी लिंक

२० एप्रिल २०२१
कालगुर्ली, पश्चिम ऑस्ट्रेलिया

व्हिव्हियन,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही. खोटं लिहायची सवय तुला आहे, मला नाही.

नऊ वर्षांनी मी तुला मेल करतेय, ती काही उमाळा आला म्हणून नव्हे. व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलं आहेस आणि माझा नंबर दिसला की फोन उचलत नाहीस. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या तेव्हा मला वाटलं होतं, आता या माणसाकडे माझं काही उरलं नाही. चूक. संशोधनाचा एक पेपर उरलाय, आपल्या दोघांच्या नावाचा.

परवा रविवारी मार्टिनचा फोन आला. तुझा धाकटा भाऊ, वसईला राहतो, डॉक्टर आहे, ही माहिती तुझ्या सोयीसाठी देतेय. तो मला अजून वहिनी म्हणतो. त्याच्या सोळा खाटांच्या हॉस्पिटलात सोळाच्या सोळा पेशंट ऑक्सिजनवर आहेत. सिलिंडरची गाडी कधी येईल, कोणी सांगू शकत नाही.

“वहिनी, सिलिंडर दीड दिवस पुरायला पाहिजेत, ते दिवसभरही पुरत नाहीत,” तो म्हणाला. “कुठेतरी गळतंय. तुम्ही दोघांनी यावरच काहीतरी केलं होतं ना? दादाला दोनदा मेल केली, उत्तर नाही. नेटवर तुमचा पेपर सापडला, पण उघडत नाही. डॉलर मागतोय.”

तुला दोनदा मेल केली होती त्याने. सिडनीच्या गिरावीनमध्ये इंटरनेट नसावं.

‘यावरच काहीतरी’ म्हणजे काय, ते तू विसरला असशील, म्हणून सांगते. २०११चा उन्हाळा, वसईतली अठरा छोटी हॉस्पिटलं, एक बादली साबणाचं पाणी आणि दोन ब्रश. लोकांना वाटायचं रंगारी आले. मी शिडीवर चढून पाइपाच्या प्रत्येक जोडाला साबण लावायची आणि फुगे आले की ओरडायची. तू खाली सावलीत वही धरून उभा असायचास. अठरापैकी सोळा ठिकाणी गळत होतं, आणि एकालाही पत्ता नव्हता. ऑक्सिजनला ना रंग ना वास. मग आपण ती पद्धत बसवली. एकेका वॉर्डाचा व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद करायचा, तेवढ्यापुरते पेशंट सुट्या सिलिंडरवर घ्यायचे आणि प्रेशरचा काटा किती उतरतो ते बघायचं. किती उतरला म्हणजे किती गळतंय आणि आधी कुठला जोड तपासायचा, हे सगळं तक्ता तीनमध्ये आहे. त्या पेपरात कामाची गोष्ट ती एकच. बाकी तुझी प्रस्तावना.

मी पैसे भरून तो पेपर उघडला. दोन दिवस फक्त स्क्रीनवर वाचायची परवानगी मिळाली. छापायचा नाही, उतरवून घ्यायचा नाही. स्वतःच्याच घरात तिकीट काढून शिरल्यासारखं वाटलं. फोनने तक्त्याचे फोटो काढले आणि मार्टिनला पाठवले. काल त्याने पद्धतीप्रमाणे तपासणी केली. ऑपरेशन थिएटरमागचा व्हॉल्व्ह गळत होता. आज सिलिंडर पुरले.

मग तुला कशाला लिहितेय? कारण मार्टिनसारखी आणखी कितीतरी हॉस्पिटलं तिथे आहेत, आणि त्या सगळ्यांना पेपर हवाय. तेव्हाही मी म्हणत होते की हे खुल्या जर्नलला देऊ, ज्याला हवं तो वाचेल. तू नाक वर करून म्हणाला होतास, “फुकट मिळतं ते कोणी वाचत नाही, व्ही.” शब्दन्‌शब्द आठवतो मला.

पेपर उघडा कर. कसा, ते तुला माहीत असेल. असोसिएट प्रोफेसर तू आहेस.

व्हेरोनिका


२१ एप्रिल

व्हिव्हियन,

तुझं उत्तर आलं. तीन ओळी. “होप यू आर सेफ. कॉपीराइट पब्लिशरकडे आहे, सो माझ्या हातात काही नाही. त्या जर्नलच्या एडिटोरियल बोर्डावर मी आहे, त्यामुळे मी विचारणं फार ऑकवर्ड होईल. टेक केअर.”

ऑकवर्ड! तुझ्या भावाच्या हॉस्पिटलचं नावसुद्धा नाही त्यात. माणसं श्वासासाठी तडफडतायत आणि तुला बोर्डावरच्या लोकांसमोर संकोच वाटतोय. लग्नातही तू असाच होतास. माझ्या वडिलांशी मी भांडायचं आणि तू मागे उभं राहून सरबत प्यायचं.

तुझ्या जर्नलला मी स्वतः लिहिलं. त्यांचं उत्तर तुझ्यापेक्षा लवकर आलं आणि तुझ्यापेक्षा गोडही होतं. महामारीच्या काळात कोविडवरचे सगळे पेपर त्यांनी मोफत केलेत म्हणे. आपला का नाही? तर आपल्या पेपरात ‘कोविड’ हा शब्द नाही! २०१२ साली आपण तो घालायला विसरलो. ऑक्सिजन हा शब्द त्यात दोनशे वेळा आहे, त्याचं त्यांना काही नाही. विनंती पुढच्या समितीसमोर ठेवतील. समिती जूनमध्ये बसते.

मला एक सांग. लिहिलं आपण, फुकट. तपासलं कुठल्यातरी दोन सज्जनांनी, तेही फुकट. मग वाचणाऱ्याकडून डॉलर कशाचे घेतात? दार लावल्याचे? आणि त्या दारावर उभं राहायचा मान मिळाला म्हणून तू छाती काढून फिरतोस.

आज आमच्या मेसमध्ये डॅनीला सांगितलं. डॅनी माझ्याबरोबर खाणीत हवा खेळवायचं काम करतो, सातशे मीटर खाली. तो चमचा खाली ठेवून म्हणाला, “हँग ऑन. यू रोट इट, अँड यू कान्ट रीड इट?” मी म्हटलं, येस. तो बराच वेळ हसत राहिला आणि मग म्हणाला, “दॅट्स नॉट फनी, मेट.”

आमच्याकडे पद्धत अशी आहे की कुणाला खाली हवेच्या नळीत गळती सापडली, तर ती पुढच्या शिफ्टच्या फळ्यावर लिहिल्याशिवाय तो माणूस वर येत नाही. शाळा अर्धी सोडलेली माणसं आहेत इथे, पण फळ्याला कुलूप घालायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. त्यासाठी पीएचडी लागत असावी.

व्हेरोनिका


२३ एप्रिल

व्हिव्हियन,

उत्तर देऊ नकोस, नुसतं वाच. एवढं झेपेल.

मार्टिनच्या वर्गातली नीला तुला आठवत असेल, आपल्या लग्नात तिने केक कापायला सुरी शोधून दिली होती. तिचं डोंगराकडच्या बाजूला बारा खाटांचं हॉस्पिटल आहे. मार्टिनने तिला माझे फोटो पाठवले. तिला पटलं. पण लाइनला हात लावणार तिचा टेक्निशियन मुरलीधर, वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस. त्याने फोनवरचे फोटो पाहिले आणि म्हणाला, “मॅडम, व्हॉट्सॲपवर कापूर हुंगायचंही आलंय. ते पण करू का?”

रागावता येत नाही त्याच्यावर. पेशंट असलेल्या वॉर्डाचा व्हॉल्व्ह कोणीतरी काढलेल्या तिरप्या फोटोवरून बंद करायला मी तरी सांगितलं असतं का? माझा स्वतःचा अंगठा दिसतोय त्यात.

मग मार्टिनने मला तिथल्या ऑक्सिजन कंट्रोल रूममधल्या इंजिनिअरशी जोडून दिलं. चंद्रहास नाव. आवाजावरून कित्येक दिवस झोपला नसावा, तरी माझं नीट ऐकून घेतलं. त्याच्या हाताखाली चार पथकं आहेत आणि बेचाळीस छोटी हॉस्पिटलं.

“ताई, मी नाही म्हणत नाहीये,” तो म्हणाला. “पण मला दिवसाला दोनशे फॉरवर्ड येतात. त्यातलं खरं कुठलं ते मी कसं ओळखू? हे छापून आलंय ना कुठेतरी? मग लिंक द्या.”

मी लिंक दिली. त्याने माझ्याशी बोलता बोलताच ती दाबली. मग म्हणाला, “हे तर कार्ड नंबर मागतंय.”

लाज वाटली मला, व्हिव्हियन. माझं काम होतं ते आणि मी त्या माणसाला सांगत होते की हो, मागतंच ते.

“मला उघडणारी लिंक द्या,” तो म्हणाला. “पथकातल्या पोरांनी दाबली की उघडली पाहिजे, हॉस्पिटलवाल्यांनी दाबली की उघडली पाहिजे. मग तासाभरात बेचाळीस ठिकाणी पाठवतो. फोटोवर मी सही करू शकत नाही.”

बरोबर आहे त्याचं. खरी गोष्ट कुलपात आणि अफवा मोकाट, मग त्याने कशावर विश्वास ठेवायचा?

आता तू म्हणशील, तुझ्याकडे ड्राफ्ट आहे, तोच टाक कुठेतरी. आहे ना. माझ्या लॅपटॉपवर पहिला ड्राफ्ट आहे, आणि त्याच्या तक्ता तीनमध्ये माझी चूक आहे. कंत्राटदार पाइपाची लांबी फुटात सांगत होते आणि मी ती मीटर समजून आकडेमोड केली. वसईत सगळं फुटात मोजतात हे वसईत जन्मलेल्या मला कळू नये! त्या तक्त्याप्रमाणे गेलं तर गळका पाइपही चांगला ठरतो. तपासणाऱ्यांपैकी एकाच्या ते लक्षात आलं आणि त्याने लिहिलं. तो कोण, मला आजही माहीत नाही. तू दुरुस्ती केलीस आणि दुरुस्त फाइल तुझ्याकडे राहिली. आज मी ड्राफ्टमध्ये हाताने आकडे बदलून दिले तर तो आणखी एक फॉरवर्ड होईल. तपासून मंजूर झालेली फाइल हवी, आणि ती तुझ्याकडे आहे.

पब्लिशरने छापलेली मागत नाहीये. आपली, वर्डमधली, साधी. तेवढी पाठव. शेपूट घालून बसू नकोस.

व्हे.


२५ एप्रिल
ॲन्झॅक डे

व्हिव्हियन,

दोन दिवस झाले, तुझ्याकडून काही नाही. सकाळी इथे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मारकापाशी परेड झाली. गेल्या वर्षी कोविडमुळे सगळे आपापल्या दारात उभे होते, या वर्षी निदान बाहेर पडले. मी फुटपाथवर उभी राहून तुझ्याबद्दल विचार करत होते, म्हणजे बघ सुट्टी किती वाया गेली.

नीलाचा फोन आला होता. तिने सगळ्याच पेशंटचा ऑक्सिजन थोडा थोडा कमी केलाय, म्हणजे गाडी येईपर्यंत पुरेल. “कोणाचा जास्त कमी करू, ते ठरवता येत नाही ना,” ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी घासली.

मग ठरवलं, तुझी तक्रार करायची. तुझ्या युनिव्हर्सिटीकडे, रीतसर. पण कुठल्या नियमाखाली? म्हणून लिझाला फोन केला. लिझा म्हणजे शेजारच्या एल्साआंटीची मुलगी. पर्थमधल्या एका युनिच्या लायब्ररीत कामाला आहे, सध्या तीन दिवसांच्या लॉकडाउनमुळे घरूनच काम करते. मराठी समजते पण बोलत नाही.

मी अर्धा तास तुझा उद्धार केला. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आंटी, बट व्हॉट डिड यू साइन?”

मी म्हटलं, कॉपीराइटचा फॉर्म. पेपर पाठवतानाच दोघांनी सही केली होती.

“येस, बट डिड यू रीड इट?”

मी म्हटलं, तो फॉर्म कोण वाचतं? ती म्हणाली, “नोबडी. दॅट्स द प्रॉब्लेम.” मला जुन्या मेलमधून फॉर्म शोधून पाठवायला सांगितलंय. शोधते. तुझ्या गळ्यात अडकवायला काही सापडलं तर उत्तमच.

मला खरंच कळत नाही की तू घाबरतोस कशाला. प्रोफेसर करणार नाहीत म्हणून? बोर्डावरून काढतील म्हणून? माझ्या आठवणीत तू एकदाही कुणाला नाराज केलेलं नाहीस, माझ्याखेरीज. मला बेधडक करायचास, कारण माझ्याकडे द्यायला पद नव्हतं. आपलं भांडण झालं तेव्हा मी टेबलावर हात आपटून म्हटलं होतं की हे काम त्या अठरा हॉस्पिटलांचं आहे, त्यांना वाचता आलं पाहिजे. तू म्हणालास, “नर्सिंग होमवाले पेपर वाचत नाहीत.” बघ ना. वाचायला मागतायत.

विमानंही बंद होतील म्हणतायत. नाहीतर सिडनीला येऊन तुझ्या दारात बसले असते. अर्थात आमचं राज्य सोडलं तर परत घेतील की नाही, कोण जाणे. तुझं नशीब चांगलं आहे, अख्खा देश तुला माझ्यापासून वाचवतोय.

व्हेरोनिका


२७ एप्रिल

असोसिएट प्रोफेसर साहेब,

फॉर्म सापडला. दोन पानांचा. तळाशी तुझी ऐटबाज सही आणि तिच्याखाली माझी.

लिझाने तो वाचला आणि दुसऱ्या पानावरच्या एका परिच्छेदाला पिवळा रंग लावून परत पाठवला. अर्थ सांगते. पेपर छापून बारा महिने झाले की लेखकांपैकी कुणीही, कुणीही म्हणजे ‘एनी ऑथर’, तपासून मंजूर झालेली आपली फाइल ना-नफा तत्त्वावरच्या खुल्या भांडारात, म्हणजे कुणालाही फुकट उघडता येईल अशा साइटवर, ठेवू शकतो. परवानगी मागायची गरज नाही. फक्त पब्लिशरची सजवलेली पानं वापरायची नाहीत, आपली साधी फाइल वापरायची.

बारा महिने. म्हणजे २०१३ सालच्या अखेरीला ते दार उघडं झालं होतं. सात वर्षं उलटून गेली. तुझ्या युनिचं स्वतःचं असं भांडार आहे, मी पाहिलं. तुझे पस्तीस पेपर त्याच्या यादीत आहेत, प्रत्येकापुढे राखाडी कुलूप. लिझा म्हणते, फाइल चढवायला पाच मिनिटं लागतात आणि लायब्ररीवाले दर वर्षी हात जोडून मागतात. तू दिली नाहीस. कोणी अडवलं होतं म्हणून नव्हे, तुला गरज वाटली नाही म्हणून.

आणि मला लिहितोस, ‘कॉपीराइट पब्लिशरकडे आहे, माझ्या हातात काही नाही.’ ज्या जर्नलच्या बोर्डावर बसतोस, त्याचा फॉर्म वाचलेला नाहीस! मी हसले नाही. हसण्याच्या पलीकडे गेलास तू.

हो, मीही वाचला नव्हता. ते तू दाखवून द्यायच्या आत मीच लिहिते. सही करताना तुझ्यावर इतकी भडकलेली होते की कागद भोक पडेपर्यंत पेन दाबलं, पण वाचलं नाही.

लिझाने आणखी एक विचारलं. “आंटी, डिडन्ट ही सेंड यू द फायनल व्हर्जन? को-ऑथर्सना पाठवतातच.” एवढं एक तिचं मराठी. मी म्हटलं, नाही पाठवली.

तर आता फाइल पाठव. संध्याकाळपर्यंत. पाच मिनिटांचं काम आहे, मी करते. तुझं नाव पहिलं आहे तसंच राहील, काळजी करू नकोस.

सकाळी नीलाकडचे दोन पेशंट गेले.

व्हेरोनिका


२८ एप्रिल

व्हिव्हियन,

तुझं उत्तर आलं नाही, आणि आता यायची गरजही नाही.

काल लिझाला ‘नाही पाठवली’ म्हटलं, ते खरं होतं की नाही हे मला माहीत नव्हतं. मला फक्त एवढं माहीत होतं की मी पाहिली नाही. तुला हे कधी सांगितलं नाही. ऑगस्ट २०१२मध्ये मी इथे आले तेव्हा मेलमध्ये एक कप्पा केला होता आणि तुझ्याकडून येणारी प्रत्येक मेल आपोआप त्यात जाईल अशी सोय केली होती. न वाचता. वकिलाचं जे असेल ते वकिलाकडून येईल, म्हटलं. त्या कप्प्याचं नाव मी ‘कचरा’ ठेवलं होतं. या आठवड्यात तुझं तीन ओळींचं उत्तरही मी त्यातूनच उचलून वाचलं. सगळ्यात वरचं तेवढं. खालच्यांकडे बघितलं नाही.

आज सकाळी कामावर जायच्या आधी बघितलं. त्या तीन ओळी सोडून एकसष्ट मेल, सगळ्या न उघडलेल्या. नऊ वर्षांत तू मला एकसष्ट वेळा लिहिलंस हे मला ठाऊक नव्हतं. बाकीच्या साठ मी अजून उघडलेल्या नाहीत. एक उघडली. १४ सप्टेंबर २०१२. विषय: फायनल व्हर्जन, बघून घे.

फाइल जोडलेली होती. तक्ता तीन दुरुस्त केलेला, फुटांचे मीटर केलेले. मेल मराठीत होती. तुझ्याकडून मराठीत मेल आलेली मला आठवत नाही. ती इथे उतरवते, कारण तू काय लिहिलं होतंस ते तूही विसरला असशील.

“व्ही, पेपर मंजूर झालाय. तुझी चूक दुरुस्त केली, छोटीच होती, मनाला लावून घेऊ नकोस. अजून छापलेला नाही. तू खुल्या जर्नलबद्दल बोलत होतीस, त्याचा मी विचार केला. तुझं बरोबर असेल. तू म्हणालीस तर इथून काढून घेतो आणि तिकडे देऊ. तुझं नाव पहिलं टाकून. शिडीवर तूच होतीस. पुढच्या शुक्रवारपर्यंत कळव, नाहीतर आहे तसं जाऊ देतो.”

मी कळवलं नाही. तू आहे तसं जाऊ दिलंस.

नऊ वर्षं मी हा किस्सा लोकांना सांगत आलेय. डॅनीला, एल्साआंटीला, पर्थच्या विमानात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. माझ्या नवऱ्याने कुलूप लावलं, असं.

तू भेकड आहेस हे मी मागे घेत नाही. या आठवड्यात तुझ्याकडे फाइल होती, हक्क होता, भाऊ विनवत होता, आणि तू मला टेक केअर लिहिलंस. त्याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही. पण तोच शब्द आता मला माझ्यासाठीही वापरावा लागतोय.

कामाचं सांगते. साडेआठला फाइल लिझाने सांगितलेल्या खुल्या भांडारात चढवली. खरंच पाच मिनिटं लागली, त्यातली दोन पासवर्ड विसरल्यामुळे गेली. लिंक चंद्रहासला पाठवली तेव्हा तिथे सहा वाजले होते. त्याने दाबली आणि म्हणाला, “उघडली, ताई.” तासाभरात म्हणाला होता, चाळीस मिनिटांत बेचाळीस ठिकाणी पाठवली. त्यात खाली त्याची सही आणि आपल्या दोघांची नावं. दुपारपर्यंत एकोणीस ठिकाणी तपासणी सुरू झाली होती. ज्यांना आपण कधी भेटलो नाही, भेटणार नाही, अशी माणसं आत्ता पाइपांना साबण लावतायत. गुजरातेतल्या कुठल्याशा हॉस्पिटलातूनही मार्टिनला फोन आला, तिथवर लिंक कशी गेली हे त्याला कळलं नाही. ज्याला हवं तो वाचेल, असं मी म्हणायची. वाचतायत.

मुरलीधरने पेपर छापून घेतला, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला आणि मग शिडी मागितली. तक्त्यात सांगितलेल्या क्रमाने गेला. तिसऱ्याच जोडाला सापडलं. भिंतीच्या आत, जिथून पाइप जनरल वॉर्डात शिरतो तिथे. अर्ध्या तासात दुरुस्त झालं. नीलाने सगळ्यांचा ऑक्सिजन परत होता तेवढा केला.

मी तुला पहिलं पत्र लिहिलं त्याला आज आठ दिवस झाले. त्या आठ दिवसांत मी तुला पाच मेल लिहिल्या, एकेक वाक्य घासूनपुसून. खोटं कशाला बोलू, मजा येत होती. सकाळी कॉफी घेताना मला तुझ्यासाठी नवा टोमणा सुचायचा आणि माझा दिवस चांगला जायचा. आणि प्रत्येक वेळी मेल पाठवायला मी जी खिडकी उघडायची, तिच्याच डाव्या बाजूला तो कप्पा होता.

नीलाकडे या आठ दिवसांत पाच जण गेले. दुपारी तिला फोन केला. तिने जोडाचं सांगितलं, मुरलीधरचं सांगितलं, आभार मानले. मी विचारलं, “नीला, हे वीस तारखेला सापडलं असतं तर?”

ती म्हणाली, “व्हेरोनिका, हे मला विचारू नकोस. मला उद्या परत कामावर यायचंय.”

मग मी विचारलं नाही. तुला विचारतेय. हे जिला विचारता येईल किंवा ज्याला विचारता येईल अशी मी बरीच नावं आठवून पाहिली, पण फाइल जवळ असून आठ दिवस न उघडणारी माणसं आपण दोघंच आहोत.

या मेलचं उत्तर दे. मी उघडेन.

व्हेरोनिका